एक छोटा ब्रेड, कार्डावर

रोज सकाळी दुकानाचं शटर वर करण्याआधी बाबा शेजारच्या बेकरीत जात आणि एक छोटा ब्रेड घेत. खिशात सुटे पैसे खुळखुळत असले तरी ते पैसे देत नसत. शर्टाच्या वरच्या खिशातून एक चामडी पाकीट निघे. उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनीच शिवलेलं, एका कार्डापुरतं, वर टिचबटण लावलेलं. बटण उघडायचं, कार्ड काढायचं, बाहीला पुसायचं आणि दोन्ही हातांनी पुढे करायचं. जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि जपून परत करायचं आहे.

“एवढ्याशा ब्रेडला कार्ड?” बेकरीवाला सुरुवातीला चिडवायचा. “काका, माझ्या मशीनला लाज वाटते हो.”

“तिला म्हणावं, सवय होईल. मला झाली,” बाबा म्हणायचे.

झाली नव्हती. त्यांचे कान लाल व्हायचे. लेक बरोबर असली तर ती काचेच्या कपाटातल्या बिस्किटांकडे बघत राहायची, म्हणजे बाबांना वाटावं की तिचं लक्ष नाही.

बाबा बॅगा दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना बॅगवालेच म्हणे. दुकान इतकं अरुंद की एक गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्याला पायरीवर थांबावं लागे. भिंतीवर खिळ्यांना चाकं टांगलेली, डब्यांमध्ये चेनचे रनर, कड्या, बकलं, रिबिटी, आणि सगळ्यावर चिकटवायच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास. मेण लावलेला दोरा दातानं तोडायची त्यांना सवय होती. त्यामुळे पुढच्या एका दाताला बारीकशी खाच पडली होती, आणि ते हसले की ती दिसायची. लहानपणी लेकीला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांच्या दाताला अशी खाच असते.

वरच्या फळीवर लोक विसरून गेलेल्या बॅगा होत्या. दुरुस्त झालेल्या, झटकून ठेवलेल्या, कडीला चिठ्ठी बांधलेल्या. काही इतक्या जुन्या होत्या की चिठ्ठीवरची शाई पार उडाली होती.

“अरे, विकून टाक त्या,” बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, आली की म्हणायची. “यांतली निम्मी माणसं वर गेली असतील. तिकडे सामान लागत नाही.”

“माणसं गेली असतील ताई. बॅग त्यांचीच आहे ना अजून?”

दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्याचा पैसा, या बाबतीत बाबा असे होते. दोऱ्याचा व्यापारी महिन्याची उधारी द्यायला तयार असे, पण बाबा माल उतरला की त्याच संध्याकाळी पैसे पोचवून येत. ते म्हणत, “परक्या पैशाला आपल्या घरात झोप येत नाही. रात्रभर तो कूस बदलतो, आणि आपल्यालाही झोपू देत नाही.”

अशा माणसाला कर्ज काढावं लागलं. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना आईचं मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि हां हां म्हणता साठवलेलं सगळं संपलं. बाबांनी बँकेतून कर्ज घेतलं. सुरुवातीचे हप्ते वेळेवर गेले. मग आईला दवाखान्यात ठेवावं लागलं, बाबा तिच्या उशाशी बसू लागले, दुकानाचं शटर खालीच राहू लागलं. हातावर पोट असणाऱ्याचा हात थांबला की पोटाआधी हप्ता उपाशी राहतो. एक चुकला, दुसरा चुकला. पुढे कितवा चुकला हे बघायला घरात कुणाला उसंत नव्हती. आई गेली. कर्ज राहिलं.

मग एक दिवस वसुलीवाला आला. गल्लीतल्या लोकांनी अशा वसुलीवाल्यांविषयी नाही नाही ते सांगितलं होतं, पण हा मऊ बोलणारा निघाला. दाराबाहेर बूट काढून आत आला आणि त्यानं आईच्या फोटोला हात जोडले. म्हणाला, “काका, एकरकमी निम्मे द्या. बाकीचं बँक सोडून देईल. मी बोलतो.”

बाबांनी चामडं शिवायचं मोठं मशीन विकलं आणि पैसे भरले. बँकेचं पत्र आलं. त्या दिवशी खूप महिन्यांनी त्यांच्या दाताची खाच दिसली. भेटेल त्याला सांगत सुटले, “बँकेनं माणुसकी दाखवली हो.” त्यानंतर जाड चामडं ते हातानं शिवू लागले, दाभणानं. तळव्याला घट्टे पडले, पण तक्रार नव्हती. कुणाचं काही देणं राहिलं नव्हतं.

एकदा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. खुर्चीवर बसलं, विजारीचा पाय वर केला आणि आपला पाय सोडवून बाबांच्या हातात दिला. गुडघ्याखालचा, कृत्रिम पाय. वरचा पट्टा तुटला होता. “दवाखान्यात महिन्यानंतरची तारीख देतात,” तो म्हणाला. “तोवर काय लंगडी घालू?”

बाबांनी पाय मांडीवर घेतला. पट्टा शिवला, बक्कल बदललं. लेक तिथेच होती. पट्टा शिवता येतो, पण उरलेला पाय ज्या खळग्यात बसतो त्याची कड गुडघ्याला घासतेय, तिथे काय करायचं ते बाबांना कळेना. तो माणूस उठला, चार पावलं चालला आणि म्हणाला, “घासतं अजून. पण चालतंय. चालतं ते बरंच म्हणायचं.” तो गेल्यावरही लेक पायरीवर उभं राहून त्याच्या चालण्याकडे बघत राहिली.

तिनं पुढे काय शिकायचं ते तिथे ठरलं. कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण देणारं कॉलेज दुसऱ्या गावात होतं. ती परीक्षेला बसली, तिचा नंबर लागला. फी आवाक्याबाहेरची होती, पण अशा शिक्षणाला बँक कर्ज देते, आईबापांची किंवा जवळच्या नातलगाची जोड-सही लागते, एवढंच. वयाची अट पंचविशीची होती आणि ती अजून दूर होती. बापलेक दोघंही नवे कपडे घालून बँकेत गेले.

काउंटरवर चष्मा लावलेली एक बाई होती. तिनं कागद घेतले, पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे.

“काका, तुमची सही चालणार नाही.”

“का हो मॅडम? माझ्यावर एक पैशाचं देणं नाही. पत्र आहे.” बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्र काढलं.

बाईनं ते वाचलं. “हे तडजोडीचं पत्र आहे. तुम्ही कर्ज मिटवलंत काका, फेडलं नाहीत. आमच्याकडे ते तसंच दिसतं. कर्जफेडीचा स्कोअर फार खाली आहे. शिवाय मध्ये इतके हप्ते चुकलेत, तेही दिसतात.”

“तेव्हा हिची आई दवाखान्यात होती.”

“ते दिसत नाही,” बाई म्हणाली. उद्धटपणे नाही. जरा खाली बघूनच म्हणाली.

बाबांनी पत्राची घडी घातली. पहिल्यांदा चुकली, परत घातली. दोघं घरी आली. दारात आल्यावर किल्ली लावता लावता एवढंच म्हणाले, “मला वाटलं, सोडून दिले म्हणजे सोडून दिले.”

दुसरी सही द्यायला कोण होतं? आत्या स्वतः मुलाच्या घरात राहत होती, तिच्या नावावर चमचासुद्धा नव्हता. लेकीनं औषधांच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली. कॉलेजनं कळवलं, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येईल.

बाबा मात्र स्वस्थ बसले नाहीत. चष्मेवालीला गाठून त्यांनी विचारलं की हे पुसायचं कसं. ती म्हणाली, जी रक्कम बँकेनं सोडली होती ती भरलीत, तर फेडल्याचा दाखला मिळेल. तेव्हापासून बाबा जास्त वेळ दुकानात बसू लागले. लेकीचा पगारही त्यात पडू लागला. आत्यानं कपाळावर हात मारला.

“अरे, गळातून सुटलेला मासा परत येऊन विचारतो का, गळ कुठाय म्हणून? माफ झालेले पैसे कुणी भरतं?”

“माफ नव्हते झाले ताई. बाजूला ठेवले होते. हिच्या नावानं.”

वर्ष सरता सरता बाबा ती रक्कम घेऊन बँकेत गेले. तिथे एकच गोंधळ उडाला. असे पैसे कुठल्या खात्यात घ्यायचे ते कुणालाच सांगता येईना. एकानं विचारलं, “कशाचे पैसे, काका?” बाबा म्हणाले, “माफीचे.” आतून साहेब उठून बाहेर आले, केवळ त्यांना बघायला. चष्मेवालीनं शेवटी योग्य तो कागद शोधून काढला आणि शिक्का मारला. फेडल्याचा दाखला हातात पडला तेव्हा बाबांनी विचारलं, “आता चालेल ना माझी सही?”

“अजून नाही काका. जखम भरली, पण वण आहे. आता थोडं नवं कर्ज घ्या आणि वेळेवर फेडून दाखवा.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. “देणं फेडून आलो, तर म्हणता पुन्हा देणं करा?”

“घेतलंच नाही, तर वेळेवर देता की नाही ते आम्हाला कळणार कसं?”

तिनं मार्ग सांगितला. बँकेत एक लहानशी ठेव ठेवायची, तिच्या आधारावर एक कार्ड मिळेल. त्यावर महिन्याला थोडंसं काहीतरी घ्यायचं, बिल वेळेवर भरायचं. असं काही महिने केलं की स्कोअर वर येतो.

आत्याला हे समजावून सांगायला लेकीला दोन कप चहा लागला. “म्हणजे आपलेच पैसे त्यांच्याकडे ठेवायचे आणि त्यांच्याकडून उसने मागायचे,” आत्या म्हणाली. “आपल्याच घरात शिरायला शेजाऱ्याकडे किल्ली मागायची. शिकलेल्या लोकांचं काही खरं नाही बाई.”

तर असा तो ब्रेड सुरू झाला. महिन्यातून एकदा मोठं काही घ्यायचं बाबांना धाडस होईना, म्हणून रोजचा एक छोटा ब्रेड. आणि रोज दुपारी ते शटर अर्ध्यावर ओढत, बँकेत जात, रांगेत उभे राहत आणि सकाळच्या ब्रेडचे पैसे कार्डाच्या खात्यात भरून येत. लोक तिथे गड्ड्या मोजत असताना बाबा दोन-चार नाणी काउंटरवर ठेवत. कॅशियर त्यांना लांबून पाहून म्हणायचा, “आले आमचे ब्रेडवाले.” बाबा हसायचे. त्यांना वाटायचं, बँक बघते आहे. माणूस सकाळी घेतो आणि दुपारी देतो, याहून चांगला ऋणको कुठे मिळणार?

लेकीनं फोनवर स्कोअर बघायची सोय करून घेतली होती. रात्रीचं ताट वाढताना बाबा विचारायचे, “हलला का?” दुधाचा दात हलतो का विचारावं, तसं.

“नाही हो बाबा. वेळ लागतो.”

“लागू दे. आपण चुकत नाही आहोत ना, मग झालं.”

महिने गेले. परीक्षा पुन्हा आली, नंबर पुन्हा लागला. दोघं पुन्हा बँकेत गेली. स्कोअर होता तिथेच होता, जागचा इंचभरसुद्धा हलला नव्हता. चष्मेवालीलाच नवल वाटलं. तिनं कार्डाचं खातं उघडलं, खाली खाली सरकवत गेली, आणि एकाएकी हसू आल्यासारखं तिनं ओठांवर हात ठेवला. मग तो हात तसाच राहिला.

“काका, तुम्ही रोज भरताय?”

“रोज. एक दिवस खाडा नाही.”

“पण मग महिनाअखेरीला तुमच्याकडे देणं काहीच राहत नाही. बिल शून्याचं निघतं. बिलच नाही, तर वेळेवर भरलं अशी नोंद कशाची होणार?” ती थांबली. “यंत्राला वाटतंय, हे कार्ड कुणी वापरतच नाही.”

बाबांना पहिल्यांदा ते कळलं नाही. मग कळलं. त्यांनी काउंटरच्या कडेला हात टेकवला.

“मग मी करायला काय हवं होतं?”

“काही नाही. भरायची घाई करायची नव्हती. महिनाभर देणं राहू द्यायचं, बिल आलं की मग भरायचं.”

“म्हणजे महिनाभर दुसऱ्याचं खायचं?”

“हो काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “तसंच असतं ते.”

बाहेर ऊन रणरणत होतं. लेक भराभर पुढे चालत होती, बाबा मागे. कोपऱ्यावर ती थांबली आणि वळली. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहणं, बारीक अक्षरांतली नावं, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, सगळं एकदम उसळून आलं.

“तुमच्या या प्रामाणिकपणानं माझं वर्ष खाल्लं, बाबा. त्या मॅडम सांगतात बिल भरा, तुम्ही रोज जाता. कुणाला दाखवायला? कोण बघत होतं?”

 बाबांची नजर खाली गेली.

“चपलेचा पट्टा सुटलाय तुझ्या,” ते म्हणाले. “अशी चालू नकोस, पडशील.”

दुकानात येऊन त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, चप्पल मांडीवर घेतली आणि पट्टा शिवला. नेहमीपेक्षा जास्त टाके घातले. दोरा दातानं तोडताना त्यांचे डोळे भरले होते की सोल्यूशनच्या वासानं चुरचुरत होते, ते तिनं निरखून पाहिलं नाही.

त्यानंतर बाबा देणं ठेवायला शिकले. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. दुपार झाली की पाय आपोआप बँकेकडे वळायचे. मग ते बेकरीपर्यंत जाऊन परत यायचे. ब्रेड घरी यायचा आणि फडताळात पडून राहायचा. लेक विचारायची, “खात का नाही?”

“उधारीचा घास घशाखाली उतरत नाही ग.”

“लोणी लाव,” आत्या म्हणाली. “लोणी लावलं की कुणाचाही ब्रेड उतरतो.”

त्या रात्रींत बाबा खरोखरच कूस बदलत पडायचे. बिल आलं की चेहरा उजळायचा, पाहुणा वेळेवर आल्यासारखा. चष्मेवालीनं सांगितलं होतं, शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरा, त्याच्या आधी नको. बाबा बरोब्बर त्या दिवशी, बँक उघडायच्या आधी पायरीवर हजर असायचे. पाकिटात मोजून पैसे, अंगात इस्त्रीचा शर्ट.

आणि दात हलला. आधी इतका कमी की लेकीला फोन खराब झाला असावा असं वाटलं. मग पुढच्या महिन्यात आणखी थोडा. “हलला का?” या प्रश्नाला आता “हलला” असं उत्तर मिळू लागलं, आणि ते ऐकायला बाबा एकच प्रश्न दोनदा विचारू लागले. वयाची अट आता जवळ येत होती. लेक परीक्षेला तिसऱ्यांदा बसली.

ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी बाबांनी रॉकेलनं घासून घासून हात धुतले होते. तरी नखांत काळं राहिलंच. त्यांनी सही इतकी सावकाश केली की मागच्या रांगेतला एक जण खाकरला. चष्मेवाली म्हणाली, “काका, कार्ड मात्र बंद करू नका. खातं जितकं जुनं, तितकी पत पक्की. थोडंथोडं चालवत राहा.”

“किती दिवस?”

“जमेल तितके दिवस.”

जायच्या आदल्या दिवशी बॅगेचा प्रश्न आला. लेकीची नजर वरच्या फळीवर होती, एका लाल बॅगेवर. तिची चिठ्ठी कोरी पडली होती.

“ती नको,” बाबा म्हणाले. “ती कुणाची तरी आहे.”

ते स्टुलावर चढले आणि सगळ्यात मागून एक तपकिरी बॅग काढली. आईची. दवाखान्यात नेलेली. त्यांनी तिची चेन बदलून ठेवली होती, चाकं नवी बसवली होती, कोपऱ्यांना चामडं लावलं होतं. कधी केलं ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेरच्या कप्प्यात आईचा कंगवा तसाच होता. लेकीनं तो बाहेर काढला, पाहिला आणि परत आत ठेवून चेन ओढली. चेन आवाज न करता मिटली.

“एवढी एकच जागा बघितली हिनं,” बाबा म्हणाले. “आता जरा बऱ्या ठिकाणी जाऊ दे.”

आयुष्यभर लोकांच्या प्रवासाची चाकं बसवणारे बाबा लेकीला सोडायला गाडीपर्यंत गेले, तेवढाच त्यांचा प्रवास. गाडी सुटताना ते खिडकीतून आत वाकून बॅगेची कडी ओढून बघत होते, पक्की आहे की नाही.

पुढचं वर्ष-दीड वर्ष फोनवर गेलं. ती प्लॅस्टरच्या साच्यांविषयी सांगायची, गुडघ्याला कड घासू नये म्हणून काय करतात ते सांगायची. बाबा मधूनच विचारायचे, “मग त्या माणसाला बोलावून घेऊ का? तू आलीस की बघशील?” ती म्हणायची, “बोलवा.” तो माणूस कुठे राहतो हे दोघांनाही माहीत नव्हतं.

ब्रेड रोज चालूच होता. आता एकट्या माणसाला तो संपत नसे. उरलेल्याचे तुकडे ते पायरीवर चिमण्यांना टाकत. बेकरीवाल्याच्या मशीनला सवय झाली होती. काका दिसले की तो न विचारता ब्रेड पुढे सरकवायचा आणि हात पसरायचा.

म्हणूनच एका सकाळी बाबा आले नाहीत तेव्हा ते सगळ्यात आधी बेकरीवाल्याच्या लक्षात आलं. त्यानं थोडी वाट पाहिली. मग एका गिऱ्हाइकाला काउंटरवर उभं करून तो त्यांच्या घरी गेला. दार लोटलेलं होतं. बाबा अंथरुणातच होते, भिंतीकडे तोंड करून, एक हात उशीखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. कूस बदललेली दिसत नव्हती.

लेक आली. जे करायचं ते केलं. आत्या येऊन राहिली होती. तिचा एकही विनोद त्या दिवसांत ऐकू आला नाही. लोक येऊन गेले, काही जण आपापल्या बॅगा मागून घेऊन गेले. लाल बॅग कुणी मागितली नाही.

मग कार्डाचं बिल आलं.

ती ते घेऊन बँकेत गेली. चष्मेवालीनं तिला आत बसवलं, पाणी दिलं. “तू कशाला धावपळ केलीस? ठेव आहे ना, तिच्यातून वळतं करून घेऊ. कार्ड बंद होईल. तुझं कर्ज तू नोकरी लागल्यावर फेडणारच आहेस, त्याला याचा काही धक्का नाही.”

“शेवटची तारीख कधी आहे?”

बाईनं बिल पाहिलं. “अजून चार दिवस.”

“मग आजच भरते.”

“अग, पण आता त्यांच्या स्कोअरचा...” बाई बोलता बोलता थांबली. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग गल्ला उघडला, पैसे घेतले आणि पावतीवर शिक्का मारला. जपून, सरळ.

लेक पायरीवर बसून बिल वाचू लागली. एका खाली एक ओळी होत्या, सगळ्या सारख्या. बेकरी, बेकरी, बेकरी. रोजची एक, सकाळच्या वेळेची. फक्त शेवटची ओळ संध्याकाळची होती, बेकरी बंद व्हायच्या जरा आधीची. म्हणजे ते वेळेत पोचले होते.

त्या संध्याकाळी तिनं बाबांना फोन केला होता. बाबा म्हणाले होते, सकाळी एका बाईंची गाडीची वेळ झाली होती, त्यांच्या बॅगेचं चाक बसवता बसवता बेकरीत जायचं राहून गेलं. तिला आणखी काही सांगायचं होतं, परीक्षेबद्दल. पण बाबांच्या आवाजामागे शटर ओढल्याचा खडखडाट आला, आणि ते घाईघाईनं म्हणाले होते, “बरं, तू जेव. मी ठेवतो आता. बेकरी बंद होईल, ब्रेड घ्यायचा राहिलाय.”